पतंग आपला, जखम दुसऱ्याची: हौशी खेळाडूंसाठी थर्ड पार्टी विमा, सोप्या भाषेत

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, किंवा लोकलच्या गर्दीत हेडफोन काढणंच शक्य नसेल, तर हा नेहमीप्रमाणे लिखित भाग. बोललेलंच आहे, फक्त अडखळणं काढून टाकलंय आणि आकडे नीट मांडलेत.

एक काम करा. तुमच्या स्कूटरच्या डिकीत, नाहीतर फोनमध्ये, गाडीच्या विम्याचा कागद असेल तो उघडा. त्यावर 'थर्ड पार्टी' असं लिहिलेलं दिसेल. पनवेलमध्ये गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे तो असायलाच हवा, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ तसं सांगतं. सप्टेंबर २०१८ पासून तर नवीन दुचाकी घेतानाच पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा काढावा लागतो. आपण तो घेतो, पोलिसानं अडवलं की दाखवतो, आणि विसरून जातो.

आता दुसरा प्रश्न. तुम्ही शनिवारी कामशेतला पॅराग्लायडिंगला गेलात, गोव्यात काइटबोर्डिंग शिकलात, नाहीतर नागावच्या किनाऱ्यावर मित्राचा ड्रोन उडवलात. तिथे तुमच्यामुळे दुसऱ्या कुणाला लागलं, तर त्याचे पैसे कोण देणार? डिकीतला तो कागद इथे चालत नाही. तो फक्त गाडीसाठी आहे. मग कुठला कागद चालतो? आजचा सगळा एपिसोड या एका प्रश्नावर.

आधी खेळ समजून घेऊ

काइटबोर्डिंग म्हणजे पायाखाली छोटा बोर्ड, कमरेला पट्टा म्हणजे हार्नेस, आणि त्याला दोऱ्यांनी जोडलेला मोठा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग तुम्हाला ओढतो, तुम्ही पाण्यावरून धावता. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, शिडाच्या बोटींच्या स्पर्धांमधला एक प्रकार म्हणून. आपल्या जवळ म्हणाल तर गोव्यात मोरजी-आश्वेच्या बाजूला तो शिकवतात, आणि तिकडे दक्षिणेत तमिळनाडूत रामेश्वरमच्या आसपास.

पतंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर संक्रांतीचा कागदी पतंग येतो. हा तसा नाही. साधारण ७ ते १२ चौरस मीटरचा असतो, म्हणजे पनवेलमधल्या वन बीएचकेच्या बेडरूमएवढा. दोऱ्या वीसेक मीटर लांब. आणि वाऱ्याचं एक गणित लक्षात ठेवा: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, साधारण चौपट होते. दुपारी बरा वाटणारा वारा चार वाजता जोर धरतो तेव्हा तोच पतंग वेगळाच प्राणी होतो.

खेळणाऱ्याला लागू शकतं हे सगळ्यांना कळतं. पण इथे खरा धोका बाजूच्या माणसाला आहे. ताणलेली दोरी काय करते ते आपल्याला नव्यानं सांगायला नको. नायलॉन मांज्यानं दुचाकीवरच्या माणसाचा गळा कापला गेल्याच्या बातम्या दर जानेवारीत येतात. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉन आणि तत्सम कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. काइटबोर्डिंगची दोरी काच लावलेली नसते, पण तिच्या दुसऱ्या टोकाला एक अख्खा माणूस ओढण्याइतकी ताकद असते. वाळूवर खेळणारं पोर, घोडागाडीवाला, मासळी वाळत घालणारी बाई, यातलं कुणीही त्या दोरीच्या वाटेत येऊ शकतं.

त्या बाईनं खेळायचं ठरवलेलं नव्हतं. तिनं कुठला फॉर्म भरलेला नव्हता. ती रोजच्या कामाला आली होती. विम्याच्या भाषेत 'थर्ड पार्टी' म्हणजे हीच बाई. पहिली पार्टी तुम्ही, दुसरी विमा कंपनी, आणि तिसरी ती, जिचा या कराराशी काही संबंध नाही पण नुकसान मात्र तिचं झालं.

तीन वेगळे खिसे

बरेच जण म्हणतात, "माझा मेडिक्लेम आहे ना, मग झालं." नाही झालं. तीन वेगळे विमे आहेत आणि तिघांचे खिसे वेगळे.

पहिला, आरोग्य विमा. हा तुमच्या हॉस्पिटलचं बिल भरतो. साहसी खेळांबद्दल इथे एक मोठा गैरसमज आहे. इर्डानं, म्हणजे विमा क्षेत्राच्या नियामकानं, २०१९ मध्ये वगळण्याच्या कलमांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात धोकादायक आणि साहसी खेळांचं कलम आहे. पॉलिसीत त्याचा कोड 'एक्स्क्ल ०९' असा दिसेल. ते कलम म्हणतं की अशा खेळात *व्यावसायिक म्हणून* भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च मिळणार नाही. 'व्यावसायिक म्हणून' हे दोन शब्द महत्त्वाचे. तुम्ही सुट्टीच्या दिवशी हौसेनं गेलात आणि हात मोडला, तर केवळ 'साहसी खेळ' एवढं म्हणून क्लेम नाकारला गेला, तर हे कलम उघडून कंपनीला दाखवा. मात्र पैसे घेऊन शिकवत असाल, तर चित्र वेगळं.

दुसरा, वैयक्तिक अपघात विमा. अपघातात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ठरलेली रक्कम तुम्हाला किंवा घरच्यांना मिळते. गाडीच्या पॉलिसीबरोबर मालक-चालकाला १५ लाखांचं असं कव्हर असतं, पण ते त्या गाडीच्या अपघातापुरतं. वेगळी अपघात पॉलिसी घेतली असेल तर तिच्यात साहसी खेळ वगळलेत का ते वाचा. इथली भाषा आरोग्य विम्यासारखी असेलच असं नाही, आणि बऱ्याचदा हौशी माणसालाही बाहेर ठेवलेलं असतं.

तिसरा, दायित्व विमा. तुमच्या चुकीमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याची वस्तू मोडली, आणि कायद्यानं भरपाई तुमच्यावर आली, तर ती हा विमा भरतो. बहुतेक पॉलिसींमध्ये वकिलाचा खर्चही धरलेला असतो.

पहिले दोन तुमच्यासाठी. तिसरा दुसऱ्यासाठी, आणि म्हणूनच तुमच्यासाठीही. आपल्यापैकी बहुतेकांकडे पहिला असतो, काहींकडे दुसरा, आणि तिसरा गाडी सोडली तर जवळजवळ कुणाकडेच नसतो.

कायदा काय बघतो?

कुणाला लागलं म्हणजे लगेच तुम्ही दोषी, असं नसतं. बघितला जातो तो निष्काळजीपणा. साधारण समजूतदार माणसानं घेतली असती तेवढी काळजी तुम्ही घेतली का? काइटबोर्डिंगमध्ये त्याचा अर्थ अगदी ठोस आहे. गर्दीच्या किनाऱ्यावर पतंग उभा केला का? वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला किमान दोन दोऱ्यांइतकी मोकळी जागा होती का? पतंगाची ताकद झटक्यात सोडून देणारी कळ, म्हणजे क्विक रिलीज, चालू आहे हे पाण्यात जाण्याआधी तपासलं का? नवशिके असताना एकटेच गेलात का? या प्रश्नांची उत्तरं वाईट असतील तर 'वारा अचानक वाढला' हे सांगून फार उपयोग होत नाही. वारा वाढतो हे माहीत असणं हाच तर खेळ आहे.

यातून दोन वेगळ्या गोष्टी सुरू होऊ शकतात. एक फौजदारी: निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर कलम १२५. १ जुलै २०२४ पासून हीच कलमं लागू आहेत. आधी मृत्यूसाठी ३०४-अ होतं. दुसरी दिवाणी: जखमी माणूस किंवा त्याच्या घरचे भरपाई मागतात. विमा फक्त दुसऱ्या गोष्टीत कामाला येतो. शिक्षा आणि फौजदारी दंड कुठलीच कंपनी तुमच्यासाठी भरत नाही.

इथे गाडी आणि पतंग यांच्यातला फरक जखमी माणसाच्या बाजूनं बघा, तो जास्त बोचतो. सायन-पनवेल रस्त्यावर स्कूटरनं कुणाला उडवलं, तर जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. समोर विमा कंपनी असते. इजा किंवा मृत्यू असेल तर थर्ड पार्टीच्या भरपाईला पॉलिसीत रकमेची मर्यादा नसते. मर्यादा असते ती मालमत्तेच्या नुकसानीला. निकाल लागला की पैसे मिळायची शक्यता चांगली असते. तीच जखम किनाऱ्यावर पतंगाच्या दोरीनं झाली, तर ते न्यायाधिकरण नाही. साधा दिवाणी दावा, तारखांवर तारखा, आणि शेवटी जिंकलात तरी समोर पंचवीस वर्षांचा मुलगा, ज्याच्या खात्यात पगाराचे उरलेले सतरा हजार. कागदावर भरपाई, हातात काही नाही.

किती पैसे? एक हिशेब

'असे किती लागतील, देऊ की पाच-दहा लाख,' असं वाटत असेल तर हा हिशेब करून बघा. मोटार अपघातातल्या मृत्यूची भरपाई कशी काढायची याचं सूत्र सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांमध्ये नीट बसवून दिलंय. ते मोटार अपघातांसाठी आहे, पण निष्काळजीपणाच्या इतर प्रकरणांतही न्यायालयं अंदाजासाठी त्याचा आधार घेतात.

समजा माणूस ३० वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिन्याला ३० हजार कमाई, घरात बायको आणि एक मूल.

वर्षाची कमाई ३ लाख ६० हजार.

पुढे उत्पन्न वाढलं असतं म्हणून, चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला ४० टक्के वाढ: ५ लाख ४ हजार.

त्यानं स्वतःवर खर्च केला असता तो एक तृतीयांश वजा: ३ लाख ३६ हजार.

२६ ते ३० या वयोगटाचा गुणक १७: एकूण ५७ लाख १२ हजार.

त्यावर अंत्यसंस्कार वगैरेची ठरावीक रक्कम वेगळी. हा कुणी कोट्यधीश नाही हं. हा ओरियन मॉलसमोरून रोज जाणारा, हप्त्यावर टेम्पो घेतलेला माणूस आहे. आणि तो वाचला पण कायमचा अंथरुणाला खिळला, तर उपचार आणि मदतनिसाचा खर्च धरून आकडा आणखी वर जाऊ शकतो. म्हणून दायित्व विमा घेताना पाच लाखांचं कव्हर बघून खूश होऊ नका.

"पण मी फॉर्मवर सही केली होती"

साहसी खेळाच्या ठिकाणी एक फॉर्म पुढे येतो. 'स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे, काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत.' आपण न वाचता सही करतो. या सहीचा अर्थ दोन बाजूंनी बघा.

एक, ती सही तुमच्या आणि आयोजकाच्या मधली. किनाऱ्यावरच्या त्या बाईचे हक्क तुमच्या सहीनं जात नाहीत. तिनं धोका पत्करलेलाच नाही.

दोन, आयोजकही त्या कागदाआड पूर्ण लपू शकत नाही. तुम्ही पैसे देऊन सेवा घेतली म्हणजे तुम्ही ग्राहक, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू. कोवळमच्या एका सरकारी पर्यटन हॉटेलच्या तलावात पाहुणा बुडाला. त्या प्रकरणात केरळ पर्यटन विकास महामंडळानं कुटुंबाला ६२ लाख ५० हजार द्यावेत हा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कायम ठेवला. तिथल्या जीवरक्षकाला बारचंही काम दिलेलं होतं, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला. थोडक्यात, सुरक्षेची माणसं नावापुरती ठेवली की जबाबदारी येतेच.

तक्रार करायची असेल तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात. पण हा रस्ता फक्त ग्राहकाला. बाजूनं चालणाऱ्याला नाही, हे पुन्हा लक्षात घ्या.

कामशेत, केरी आणि कागद

पनवेलकरांना सगळ्यात जवळचा 'हवेतला' खेळ म्हणजे कामशेतचं पॅराग्लायडिंग. एक्स्प्रेसवेनं तास-दीड तास, पवना धरणाच्या परिसरातल्या टेकड्या, आणि खाली मावळातली शेतं. तिथेही प्रश्न तोच: उतरताना शेतात, तारांवर किंवा कुणाच्या अंगावर आलात तर?

१८ जानेवारी २०२५ ला गोव्यात पेडणे तालुक्यातल्या केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची २७ वर्षांची तरुणी आणि तिचा पायलट, दोघंही गेले. कंपनी परवानगीशिवाय चालत होती असं पोलिसांनी सांगितलं, मालकावर गुन्हा दाखल झाला. एक साधी गोष्ट यातून शिकायची: बहुतेक विमा पॉलिसींमध्ये 'व्यवसाय कायदेशीर परवानगीनं चाललेला असावा' अशी अट असते. परवानगी नसेल तर भिंतीवर लावलेल्या विम्याच्या कागदाला किती अर्थ उरतो?

महाराष्ट्रानं २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा, तिन्ही प्रकारचे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, ही त्यातली मुख्य गोष्ट. म्हणून बुकिंगआधी व्हॉट्सॲपवर तीन प्रश्न टाका:

नोंदणीचं प्रमाणपत्र पाठवाल का?

तुमच्या विम्यात सहभागी झालेल्या माणसाचा अपघात धरलाय का, आणि बाहेरच्या माणसाची भरपाई धरली आहे का? ही दोन वेगळी उत्तरं आहेत.

मी शिकाऊ असताना माझ्या हातून कुणाला लागलं, तर तुमची पॉलिसी मला धरते, की फक्त तुमच्या शिक्षकाला?

तिसऱ्या प्रश्नाला समोरचा थबकला, तर समजून जा की आजवर त्याला कुणी विचारलेलं नाही. पण विचारायचं. स्वतःचं सामान घेऊन स्वतंत्र खेळायला लागलात की शाळेचं कव्हर बहुधा तुमच्या मागे नसतंच.

मग हा विमा मिळतो कुठे?

खरं सांगायचं तर काइटबोर्डिंगसाठी, ॲपवर दोन मिनिटांत निघणारा, गाडीच्या थर्ड पार्टीसारखा विमा आपल्याकडे रुळलेला नाही. पण शोधायच्या जागा आहेत.

घराचा विमा. सर्वंकष गृहविम्यात काही कंपन्या 'वैयक्तिक दायित्व' किंवा 'पब्लिक लायबिलिटी' असा भाग जोडतात. तो घराच्या आवारापुरता आहे की बाहेरही चालतो, आणि खेळ वगळलेत का, हे दोन मुद्दे लेखी विचारा.

प्रवास विमा. परदेशी जाताना काढतो त्यात वैयक्तिक दायित्वाचं कव्हर बऱ्याचदा असतं. पण साहसी खेळ वगळलेले असू शकतात, आणि पाण्यावरची व हवेतली साधनं वापरताना झालेलं नुकसान वेगळ्या ओळीत बाहेर काढलेलं असू शकतं. श्रीलंका किंवा व्हिएतनामला काइटबोर्डिंगसाठी निघाला असाल तर हे विमानात बसायच्या आधी वाचा.

क्लब किंवा संघटनेचं गटकव्हर. बाहेरच्या देशांत हाच मुख्य रस्ता आहे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय काइट संघटनेचं सदस्यत्व घेतलं की त्यातच थर्ड पार्टी विमा येतो. इटलीत अनेक किनाऱ्यांवर बंदर अधिकाऱ्यांचा आदेशच असतो की विमा नसेल तर पतंग उडवायचा नाही. जर्मनीत राहणारे आपले मराठी मित्र 'प्रिव्हाट-हाफ्टफ्लिश्ट' नावाचा वैयक्तिक दायित्व विमा काढतात. दुसऱ्याचा लॅपटॉप पडला, सायकलनं कुणाला धक्का लागला, असल्या रोजच्या गोष्टींसाठी तो असतो. काइटसर्फिंग त्यात आहे का हे तिथेही कलमात बघावं लागतं.

आपल्याकडे दहा-पंधरा जण एकत्र येऊन नोंदणीकृत क्लब काढत असतील, तर ब्रोकरमार्फत दायित्व विम्याची चौकशी करणं एकट्यापेक्षा सोपं जातं. कंपनीला एका माणसाची हौस मोजता येत नाही, पण क्लबचे नियम, जागा आणि शिक्षक बघून ती दर सांगू शकते.

नावाचा एक घोळ मात्र टाळा. 'पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट, १९९१' असा कायदा आहे, पण तो भोपाळ दुर्घटनेनंतर घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आला. खेळाशी त्याचा संबंध नाही.

आणि एक गंमत. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडले तर ड्रोनला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. म्हणजे एक किलोच्या ड्रोनला विमा हवाच, आणि माणसाला पाण्यावरून उचलणाऱ्या बारा चौरस मीटरच्या पतंगाला तसा सक्तीचा नियम नाही. केंद्राच्या २०२२ च्या हवाई क्रीडा धोरणात ११ खेळ आहेत, त्यात पॅराग्लायडिंग आहे, काइटबोर्डिंग नाही. सक्ती नाही म्हणून जबाबदारी नाही, असं मात्र मुळीच नाही.

पॉलिसी हातात आली की या ओळी बघा

*मर्यादा दोन प्रकारची.* एका अपघाताला किती आणि वर्षभरात एकूण किती. दोन्ही आकडे वेगळे असू शकतात.

*तुमचा वाटा.* पहिले काही हजार तुम्ही भरायचे, त्यावरचं कंपनी. हा वाटा जितका मोठा, तितका प्रीमियम कमी.

*कधीचा क्लेम चालतो.* काही पॉलिसी घटना मुदतीत घडली की चालतात, काहींना क्लेमही मुदतीतच यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात पॉलिसी बंद केल्यावर नोटीस आली तर अडचण.

*जागा.* फक्त भारत, की बाहेरही? समुद्र धरलाय का?

*वगळलेलं.* दारू पिऊन, बंदी असलेल्या जागी, पैसे घेऊन शिकवताना किंवा स्पर्धेत. घरच्याच माणसाला लागलं तर ते 'तिसऱ्या पार्टी'त बसत नाही, हेही इथेच सापडेल.

*खेळाचं नाव.* 'वॉटर स्पोर्ट्स' एवढंच लिहिलेलं असेल तर काइटबोर्डिंग त्यात येतं का, हे ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. फोनवरचं 'हो सर, सगळं कव्हर आहे' क्लेमच्या वेळी सिद्ध करता येत नाही.

प्रसंग घडलाच तर

पहिल्यांदा माणूस. पतंग सोडून द्या, १०८ ला फोन करा, त्याला दवाखान्यात पोचवा. विमा, पोलीस, कायदा, सगळं त्यानंतर.

मग जागेचे, दोऱ्यांचे, क्विक रिलीजचे फोटो काढा, साक्षीदारांचे नंबर घ्या, पोलिसांना कळवा. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. उशीर हे क्लेम नाकारायचं नेहमीचं कारण असतं.

'सगळी चूक माझी, सगळे पैसे मी देतो' असं मात्र कागदावर लिहून देऊ नका. दायित्व विम्यात कंपनीच्या संमतीशिवाय दोष कबूल करायचा नाही, तडजोड करायची नाही, अशी अट असते. मदत करणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे. माणुसकीनं वागा, औषधाचे पैसे तिथल्या तिथे द्यायला लागले तर द्या, पावती ठेवा. भरपाईचा आकडा मात्र तिथे वाळूवर उभं राहून ठरवू नका. नोटीस आली की न उघडता कपाटात टाकण्याऐवजी लगेच कंपनीकडे पाठवा.

कंपनीनं क्लेम नाकारला तर आधी तिच्याच तक्रार विभागात, मग इर्डाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर, आणि वैयक्तिक पॉलिसी असेल तर विमा लोकपालाकडे. लोकपालाकडे वकील लागत नाही, फी नाही.

पनवेलसाठी खास

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. त्यामुळे आपल्या डोक्यावरचं आकाश आता पूर्वीसारखं मोकळं नाही. पनवेल, उलवे, कळंबोलीच्या गच्चीवरून किंवा खाडीकाठी ड्रोन उडवायचा असेल तर आधी डिजिटल स्कायवरचा लाल-पिवळा नकाशा बघायचाच. पॅरामोटर, मोठे पतंग, असलं काही करण्याआधी पोलिसांचे चालू आदेश विचारा. बंदी असलेल्या जागी घडलेल्या गोष्टीला विमा कंपनी सहसा हात वर करते, म्हणजे चूकही तुमची आणि पैसेही तुमचे.

या आठवड्याचं काम सोपं आहे. घरातल्या सगळ्या पॉलिसी एकत्र काढा, आई-बाबांच्या गृहविम्यासकट. प्रत्येकीत 'दायित्व' किंवा 'लायबिलिटी' हा शब्द शोधा आणि त्याच्या खालची वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. अर्धा तास लागेल. वडखळ नाक्यावर शनिवारी सकाळी अडकता त्यापेक्षा कमीच. आणि कव्हर सापडलं नाही, तर निदान एवढं करा: जिथे माणसं आहेत तिथे पतंग उभा करू नका. किनारा लांब आहे, थोडं पुढे चालत जा.

तुमच्या पॉलिसीतलं एखादं कलम कळत नसेल तर नाव-नंबर झाकून त्याचा फोटो पाठवा, पुढच्या भागात सोपं करून सांगू. भेटूच!